रोझॅनाताईचं फाटक

मंगळवार, ४ मार्च
सकाळी हौदावर बर्फाचा पापुद्रा, दुपारी सगळीकडे चिखल. गोधडीचे दोन कोपरे शिवून झाले.

आज ताईशी भांडले. लिहून टाकते, म्हणजे डोकं शांत होईल.

रोझॅनाताई मार्लिनला घेऊन शिवायला आली होती. त्याला तिने खुर्चीतच बसवलं, कारण खाली बसला की त्याला उठवावं लागतं. सात वर्षांचा पोरगा, पण पायऱ्या चढताना कठडा धरून स्वतःला वर ओढतो. ताईच्या सासरी, नेपांच्या घरात, हे दुखणं जुनंच आहे. डेल्बर्टभावोजींचा चुलतभाऊ मिसरूड फुटायच्या आत चाकांच्या खुर्चीत बसला, तो पुन्हा उठला नाही.

आमची तीन वर्षांची लिओना जमिनीवर चिंध्यांशी खेळत होती. उठताना तिने नेहमीची गंमत केली. ढुंगण वर, हात आधी जमिनीवर, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, अशी स्वतःच्याच पायांवरून चढत उभी राहिली. मी हसले. ताई सुई तशीच हातात धरून बघत राहिली.

"लोविना, हिचं रक्त तपासून घे."

"कशाला?"

"कशाला ते तुला कळतंय."

"अगं, पोटऱ्या बघ तिच्या! कशा भरल्यात!"

"मार्लिनच्याही अशाच भरल्या होत्या."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "तुझ्या घरातलं दुखणं माझ्या घरात शोधत फिरू नकोस. हा विषय पुन्हा काढलास तर याद राख."

"बरं. नाही काढणार," एवढंच म्हणाली आणि सुई-दोरा आवरला. ताईने एकदा शब्द दिला की दिला, ते मला लहानपणापासून माहीत आहे.

जेवताना ऑर्वाला सांगितलं तर म्हणतो, "ती चुकीचं काय बोलली? डेल्बर्ट आणि मी भाऊ, तुम्ही दोघी बहिणी. जे त्यांच्यात आहे ते आपल्यात असूच शकतं." मी त्याला दुसऱ्यांदा बटाटे वाढलेच नाहीत.

रविवार, २३ मार्च
वारा. उपासना स्टॉलांच्या कोठारात झाली, बाकं थंडगार.

जेवणं झाल्यावर डेल्बर्टभावोजींना सगळ्यांनी घेरलं. मार्लिनसाठी शहरातल्या मोठ्या इस्पितळात एक नवं औषध आहे म्हणे. भावोजी घोड्यांचा साज शिवतात, त्यामुळे त्यांनी सगळं चामड्याच्या भाषेत सांगितलं. आपल्या स्नायूच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ साल असते. ती ताणाने फाटू नये म्हणून तिला आतून-बाहेरून पक्की शिवण असते. मार्लिनच्या अंगात त्या शिवणीतला एक टाकाच पडत नाही. मग धावलं की फाट, चढलं की फाट. फाटलेलं शरीर दुरुस्त करतं, आणि दुरुस्त करून करून एक दिवस थकतं.

"मग औषध शिवणार का?" म्हातारा स्टॉल म्हणाला.

"औषध नाही शिवणार. शिवणार त्याचंच शरीर. त्याच्याकडे मापाचा कागद चुकीचा आहे, जनुक म्हणतात त्याला. औषध बरोबर कागद पोचवतं."

"आणि पोचवतं कोण? पोस्टमन?" सगळे हसले.

"विषाणू," भावोजी म्हणाले, आणि हसू थांबलं. म्हणे एक निरुपद्रवी विषाणू घेतात, आतून पोकळ करतात, त्यात तो कागद घालतात आणि असे असंख्य विषाणू शिरेतून सोडतात. ते स्नायूत जाऊन कागद ठेवतात. आणि हा कागद या एकाच चुकीवर चालतो. बाहेरच्या लोकांत या दुखण्याच्या कितीतरी तऱ्हा, ज्याची त्याची चूक वेगळी. जुन्या रीतीने राहणाऱ्या आम्हा आमिशांत मात्र सगळ्यांची चूक एकच, कारण युरोपातून जहाजाने अमेरिकेत आलेली घरं मोजकी आणि सोयरिकी आपसातच. इतकी वर्षं आपल्या लोकांनी डॉक्टरांना रक्त दिलं म्हणून ती चूक नेमकी सापडली.

देवाने जसा घडवला तसा घडवला, त्यात कागद बदलायचा म्हणजे जरा जास्तच वाटलं. पण टाक्याची गोष्ट डोक्यातून जाईना. मी शिवणारी बाई. एका टाक्याने काय होतं ते मला कोणी सांगायला नको.

अडचण एकच निघाली. मार्लिन चढतो कसा, उठतो कसा, याचं डॉक्टरांना चित्रण करायचं आहे, आणि आपल्यात फोटो चालत नाही. बिशप जोनस बराच वेळ दाढी कुरवाळत बसले. मग म्हणाले, "कमरेच्या खालचं घेऊ दे. गर्व माणसाच्या तोंडावर दिसतो, गुडघ्यावर नाही." मला हसू आवरेना, ताईलाही. भांडणानंतर पहिल्यांदाच आमची नजरानजर झाली.

सोमवार, १४ एप्रिल
धुणं वाळलं. वाटाणे पेरले.

मार्लिनचं रक्त पास झालं! इतके दिवस ताईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कागद पोचवणाऱ्या त्या विषाणूला शरीराने आधी कधी पाहिलेलं असेल, तर शरीर त्याला ओळखतं आणि दारातच मारून टाकतं. मग औषध देतच नाहीत. आणि एकदा दिलं की शरीर त्याला जन्मभर लक्षात ठेवतं, म्हणून पुन्हा मिळत नाही. "एकच संधी, लोविना," ताई म्हणाली आणि लिओनाकडे बघत राहिली. मी विषय बदलला.

बुधवार, ७ मे
पाऊस नाही. स्ट्रॉबेरी लाल व्हायला लागल्या.

आपल्यात घरात फोन ठेवत नाहीत, म्हणून रस्त्यावरच्या फोनच्या खोपटीत जाऊन उभी राहिले. दुपारी भावोजींचा फोन आला. झालं! सलाइनच्या पिशवीतून तासाभरात सगळं आत गेलं. मार्लिनने विचारलं म्हणे, "एवढंच?" डॉक्टरीणबाई ऐन तरुणपणापासून या एकाच चुकीच्या मागे लागलेल्या, केस पिकले त्यांचे. त्या म्हणाल्या, "हो रे बाबा, एवढंच," आणि तोंड फिरवून डोळे पुसले. मला वाटायचं ही माणसं नुसती हुशार असतात.

खोपटीतून बाहेर आले आणि रस्त्यावरच गुडघे टेकून देवाचे आभार मानले. कागदाबद्दलची माझी तक्रार मी मागे घेतली.

रविवार, १८ मे
छान ऊन.

आज उपासनेचा रविवार नव्हता, म्हणजे भेटीगाठींचा. ताई परवा परत आली. मी कोंबडीच्या शेवया केल्या, साखर-सायीचा केक केला, लिओनाला नवा निळा झगा घातला आणि बग्गी जोडून गेलो.

फाटक बंद. कडीला दोरी.

त्या फाटकाला कडी असते हेच मला माहीत नव्हतं! ताई ओसरीवरून धावत आली, पण फाटकापासून हातभर लांबच थांबली. "लोविना, आज नको. काही आठवडे नको."

"अगं, शेवया तरी घे."

"खांबावर ठेव. आणि लिओनाला घेऊन येऊ नकोस."

भावोजींनी निरोप दिला होता तो मला ठाऊक आहे. मार्लिनला स्टेरॉइड चालू आहेत, त्याने अंगातली रोगाशी लढायची ताकद कमी होते, म्हणून सर्दी-खोकल्याची माणसं नकोत. आणि औषधाचा विषाणू काही आठवडे पोराच्या शी-शूतून, थुंकीतून बाहेर पडत राहतो, निरोगी माणसाला त्याचं काही होत नाही. माझी लिओना निरोगी. तिला शिंकसुद्धा नाही. मग?

आपल्यात कोणाला दाराबाहेर ठेवतात? ज्याला मंडळीतून काढलंय त्याला. परतताना लिओना विचारत राहिली, "मावशी रागावली का?" काय सांगू पोरीला!

मंगळवार, २७ मे
ढग.

मार्लिनच्या यकृताचे आकडे बिघडले, परत इस्पितळात नेलं. स्टेरॉइड वाढवले. सगळ्या घरांतून प्रार्थना चालली आहे. राग बाजूला ठेवून मीही केली.

शुक्रवार, ३० मे
आकडे उतरले. जीव भांड्यात पडला. घरी आणलं.

आणखी एक गंमत, म्हणजे गंमत नव्हेच. शेजारची इडा सांगत होती की ताईच्या घरी धुणं डेल्बर्टभावोजी धुतात! हातात रबरी मोजे घालून, दाढी वाऱ्यावर, चादरी वाळत घालतात. ताई मार्लिनच्या कपड्यांना हात लावत नाही म्हणे. अख्ख्या गावात हसं. इस्पितळात राहून आली आणि बाईसाहेब झाली. आणि झगा बघा, दोन मापं सैल!

इडाची पोरं काल ताईच्या ओसरीच्या पायरीवर बसून बिस्किटं खात होती. हेही इडानेच सांगितलं. इडाची पोरं चालतात. बहिणीची नाही.

सोमवार, २ जून
लख्ख ऊन, धुण्याला असा दिवस मिळणार नाही.

काल मनाशी ठरवलं, तिने काहीही केलं तरी आपण आपलं कर्तव्य सोडायचं नाही. घरात आजारी माणूस असलं की शेजारणीने न विचारता धुणं उचलून न्यायचं, ही आपली रीत. आणि पुरुषाच्या हाताने धुतलेल्या चादरी मला बघवत नव्हत्या. उजाडता उजाडता लिओनाला बग्गीत घातलं आणि मागच्या वाटेने गेले, तिकडे फाटक नाही. धुण्याच्या खोलीत झाकलेली टोपली होती. ती उचलून बग्गीत ठेवली. लिओनाने वरचा उशीचा अभ्रा उचलून कुशीत घेतला. म्हणाली, "मार्लिनचा." भाबडं पोर.

तेवढ्यात ताई धावत आली. अनवाणी. डोक्यावर टोपीसुद्धा नाही. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. तिने बग्गीतून टोपली खेचून जमिनीवर फेकली, अभ्रा लिओनाच्या हातातून ओढला आणि पोरीला उचलून सरळ पंपाकडे.

"कशाकशाला हात लावलास, बाळा? तोंडात घातलास का? सांग मावशीला. तोंडात घातलास?"

लिओना रडायला लागली. ताई साबण घेऊन तिचे हात कोपरापर्यंत घासत होती, पुन्हा पुन्हा, आणि स्वतःही हमसून हमसून रडत होती.

"माझी पोर काय घाणेरडी आहे?" मी ओरडले.

"नाही गं," ती म्हणाली. "नाही. तू फक्त जा. हात जोडते, जा."

"काय झालं ते सांग तरी!"

तिने साबण खाली ठेवला. मग म्हणाली, "तूच मला बोलू नको म्हणालीस."

मी लिओनाला घेतलं आणि निघून आले. आता तिने बोलावलं तरी जाणार नाही.

रविवार, १३ जुलै
मका गुडघ्याच्या वर.

उपासनेत ताई दोन बाकं सोडून बसली. मी पाहिलं नाही. ती पाहत होती, माझ्याकडे नव्हे, लिओनाकडे. बाहेर पडताना लिओना पायरीवर पडली. हल्ली फार पडते. नवे बूट असतील.

शनिवार, ९ ऑगस्ट
उकाडा. टोमॅटोच्या बरण्या भरल्या.

मार्लिन आला. एकटा, चालत, शेताच्या कडेने! दारात उभा राहून म्हणाला, "मावशी, आईने फाटक उघडलंय. आता सगळ्यांनी यायचं. लिओनानेसुद्धा." मी म्हटलं, सांग तुझ्या आईला, लोविनाला वेळ नाही. पण एवढं चालत आलेल्या पोराला कोणी दारातून परत पाठवतं का? आत घेतला. स्टेरॉइडने गाल फुगलेत, भूकही राक्षसासारखी. पावाच्या चार कापा खाल्ल्या आणि लिओनाशी खेळायला जमिनीवर बसला. मी मनात म्हटलं, आता याला उठवायला ऑर्वाला हाक मारावी लागणार.

तो उठला. एक हात जमिनीला टेकवला, आणि उठला. सरळ. माझ्या हातातली बरणी निसटता निसटता राहिली.

"अरे! पुन्हा कर!"

त्याने पुन्हा केलं. ऐटीत. मग तिसऱ्यांदा. मी टाळ्या वाजवत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कुठल्या शिरेतून काय आत जातं, आणि तो कागद बरोबर त्या एका टाक्यापाशी जाऊन पोचतो, आणि माझ्या बहिणीचा मुलगा जमिनीवरून उठतो! देवाने माणसाला केवढी अक्कल दिलीय.

लिओनाला वाटलं हा खेळ आहे. तीही बसली आणि उठली. ढुंगण वर, हात जमिनीवर, हात गुडघ्यांवर, हात मांड्यांवर.

मार्लिन हसला नाही. तो तिच्याकडे अगदी ताईसारखा बघत होता.

"मावशी," तो म्हणाला, "ही माझ्यासारखी उठते. मी आधी उठायचो तशी."

नंतर काय झालं ते आठवत नाही. टोमॅटो करपले.

रविवार, १० ऑगस्ट
फाटक उघडं होतं. ताई ओसरीवर वाटाणे सोलत बसली होती. मी जाऊन तिच्या पायाशी पायरीवर बसले.

"तुला मार्चमध्येच कळलं."

"त्याच्याही आधी. नाताळात ती शेकोटीजवळून उठली ना, तेव्हा."

"आणि त्या धुण्यात..."

"मार्लिनच्या अंगातून तो विषाणू बाहेर पडत होता. तिला काही झालं नसतं. पण तिच्या अंगाने त्याला बघून ठेवलं असतं." ताईने शेंग खाली ठेवली. "मग तिची वेळ आली असती तेव्हा दार बंद. एकच संधी असते, लोविना."

"तू मला सांगायचंस! माझ्या थोबाडीत मारून सांगायचंस!"

"शब्द दिला होता. आणि ऐकलं असतंस का तू? मला दोन गोष्टी जमत होत्या. गप्प बसणं आणि फाटक लावणं."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिचं पोट मध्ये आलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की झगा सैल का होता, आणि पोटातल्या बाळालाही तो विषाणू भेटू नये म्हणून भावोजी चादरी धूत होते. अख्ख्या गावात मीच एक शहाणी!

"अभ्रा तिने कुशीत धरला होता, ताई," मी म्हटलं.

"माहीत आहे," ताई म्हणाली. मग दोघी वाटाणे सोलत राहिलो.

बुधवार, ३ सप्टेंबर
तपासणीचा निकाल. तीच चूक. तोच टाका.

ऑर्वा गोठ्यात गेला आणि बराच वेळ आला नाही. मला वाटलं होतं मी कोसळेन. पण लिओनाला भूक लागली होती, आणि मी अंडी तळली.

डॉक्टरीणबाई स्वतः फोनवर बोलल्या. जानेवारीत चार वर्षांची झाली की औषध देता येईल, लवकर दिलं तर स्नायू फाटून वाया जायच्या आधीच शिवण पडते. "पण आधी रक्त बघू. त्या विषाणूशी कधी संबंध आला होता का?" मी सगळं सांगितलं, टोपली, अभ्रा, पंप, साबण. मग म्हणाल्या, "तुमच्या ताईंनी जे करायला हवं होतं ते सगळं केलं." रक्तात काय निघेल ते मात्र सांगितलं नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर
पहिलं दव गोठलं.

फोनच्या खोपटीत ताई माझ्याबरोबर होती. अवघडलेली, तरी हट्टाने चालत आली. फोन मी घेतला, पण कानाला लावायचा धीर होईना, म्हणून तिनेच घेतला. ऐकलं. मग फोन छातीशी धरून भिंतीला टेकली.

"ताई, बोल गं!"

"नाही पाहिलेलं," ती म्हणाली. "तिच्या अंगाने त्याला नाही पाहिलेलं. कोरी आहे पोर. कोरी!"

त्या एवढ्याशा खोपटीत आम्ही दोघी अशा रडलो की रस्त्याने जाणाऱ्या इडाने घोडा थांबवला. तिला वाटलं कोणी गेलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
ताईला मुलगी झाली. आयरीन. नाक आमच्या आईचं. तिचं रक्त नाळेतूनच घेऊन पाठवलंय. पूर्वी मी म्हटलं असतं, कशाला.

सोमवार, १ डिसेंबर
आयरीनमध्येही तीच चूक निघाली. ताई रडली नाही. म्हणाली, "हिचं तरी आधीपासून माहीत आहे." मग माझा हात घट्ट धरून बराच वेळ सोडला नाही.

मंगळवार, २० जानेवारी
इस्पितळातून लिहिते. खिडकीबाहेर बर्फ.

पिशवी रिकामी झाली. लिओना पूर्ण वेळ झोपली. मी त्या थेंबांकडे बघत होते. डॉक्टरीणबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना विचारलं, "तुम्ही कधी कंटाळला नाहीत? एवढी वर्षं, एका टाक्यासाठी?" त्या हसल्या. "तुम्ही गोधडी शिवता ना? मग मला काय विचारता!" निळ्या-पांढऱ्या चौकड्यांची आमची गोधडी मी त्यांच्यासाठीच आणली होती. घेता घेता त्यांची तारांबळ उडाली.

रविवार, १ फेब्रुवारी
घरी आलो. कडक थंडी, स्वच्छ ऊन. भेटीगाठींचा रविवार.

लिओनाला उलट्या झाल्या, आता बरी आहे, गाल फुगायला लागलेत. मला तिच्याजवळून उठवत नाही, म्हणून रविवार असला तरी चादरी ऑर्वा धुतोय. ओसरीवर मोजे घालून दोरीवर चिमटे लावतोय, आणि कोणी हसलं तर हसू दे.

दुपारी खिडकीतून बग्गी दिसली. ताई! एका हातात शेवयांचं भांडं, दुसऱ्या हाताने आयरीनला छातीशी धरलेलं, आणि सरळ फाटकाकडे येतेय. शाल न घेता धावले. ती कडीला हात लावणार तेवढ्यात मी ओरडले, "थांब! एक पाऊल पुढे टाकू नकोस!"

ताई थांबली.

"भांडं खांबावर ठेव. आणि तिला घेऊन घरी जा. काही आठवडे तोंड दाखवू नकोस, ऐकू आलं का?"

"बहिणीला दारातून हाकलतेस?"

"हाकलते."

ताईने सावकाश भांडं खांबावर ठेवलं, बाळाच्या तोंडावर पांघरूण सारखं केलं आणि दोन पावलं मागे सरकली. मग हसायला लागली, डोळे पुसत पुसत.

"मी आत येणारच नव्हते, वेडे," ती म्हणाली. "तू हाकलतेस का, तेवढंच बघायचं होतं."

ती बग्गीत बसून निघाली. वळणापर्यंत मागे बघत हात हलवत होती. मी कडी घातली, वरून दोरी बांधली आणि गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली.